रंगखात्यातले सुपडूआबा

सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या मिला पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या रंगखात्याचा माणूस ओळखायला त्याचा गेटपास बघावा लागत नाही. नखं बघितली की पुरे. सुपडूआबांची नखं बावीस वर्षांत कधी माणसाच्या नखांसारखी दिसली नाहीत. लग्नसराईच्या आधी लाल, शाळा उघडायच्या आधी निळी आणि मधल्या काळात कसलीतरी. त्यांचं काम म्हणजे ड्रममधली भुकटी मापून घ्यायची, गरम पाण्यात कालवायची आणि मशीनवाल्याच्या हवाली करायची. भुकटी उडायची ती नाकात, घशात, पापण्यांवर बसायची. तोंडाला रुमाल बांधला तरी थुंकी रंगीतच. घरी आंघोळीला बसले की मोरीतलं पाणी बघून त्यांची बायको उषाबाई आतून सांगायच्या, "आज राणी कलर चालना वाटस."

मूळ गाव पारोळ्याजवळचं. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. मरणाची नजर चुकवायची ही खानदेशातली जुनी युक्ती. सुरतेला आले तेव्हा पस्तिशीत होते, अंगानं दणकट, बोलायला कमी. आता सत्तावन्न. मिलमध्ये पोरंटोरं आबा म्हणायची, रंगमास्तरसुद्धा आबाच म्हणायचा.

रंगखात्यात पहिल्या आठवड्यातच बन्सीलालनं त्यांना एक गोष्ट सांगितली होती. बन्सीलाल शिरपूरकडचा, आबांच्या दोन वर्षं आधीपासून त्याच तराजूवर. खांद्यावर हात ठेवून, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला होता, "हे दख भाऊ, आठे जो रंग खाशी तोच मुतशी. घाबरू नको. गूळ खायजो, उतरी जाई." आबांनी ते मनावर घेतलं. डब्यात भाकरीसोबत गुळाचा खडा असायचाच. पुढं नवीन पोरं आली की तेही तेवढ्याच गंभीरपणे हे सांगायचे.

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी आबांची लघवी बिघडली. बिघडली म्हणजे यायची थांबली. घाई तर अशी लागायची की हातातलं माप खाली टाकून पळावं, आणि बॉयलरमागच्या मुतारीत जाऊन उभं राहिलं की काही नाही. उभे आहेत, उभे आहेत, शेजारी दोन जण येऊन गेले तरी हे भिंतीकडे बघत उभे. मग चार थेंब, पुन्हा थांबणं, पुन्हा चार थेंब. परत येऊन भुकटीला हात लावतात न लावतात तोच पुन्हा घाई. पोरं काय, पोरंच. "आबा, मोटर जळनी का?" असं विचारायची. आबा हसण्यावारी न्यायचे, पण मनातून शरमेनं अर्धे व्हायचे.

त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की ही उन्हाळी आहे. मिलमधली वाफ, बॉयलरची धग, उन्हाळी लागणारच. उषाबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा भिजवून दिला. पण आबांनी भलताच उपाय शोधला होता. पाणीच प्यायचं नाही. प्यायलंच नाही तर जायला नको, असा साधा हिशेब. त्या वाफेत घामानं बनियन पिळून निघायचं आणि हा माणूस दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढायचा. घरी वेगळीच पंचाईत. वसाहतीला संडास सामाईक, बाहेर रांग, आणि आत गेलेल्या आबांना वेळ लागतो म्हणून दारावर थापा.

वरवर उन्हाळी म्हणत असले तरी आत एक भलताच किडा त्यांना पोखरत होता. शेजारच्या खोलीतला सुकलाल मागच्या साली गेला होता. त्याच्या मानेत गाठ निघाली होती आणि मुंबईहून तो आजार ठरून आला होता. नाव कोणी घ्यायचं नाही, तो आजार म्हणायचं. सुकलालच्या घरी जाणाऱ्यांनी चहा पिणं सोडलं. पाण्याचा पेला वेगळा झाला. जमलेलं पोरीचं लग्न मोडलं. त्याची बायको मालतीबाई तर अजूनही कोणी विचारलं की टीबीच सांगते, कारण टीबी त्यातल्या त्यात बरा. आबांनी हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं. लघवी अडली की त्यांना वाटायचं, कुठंतरी आत गाठ आहे, आणि ती वाढते आहे. मुलासाठी, भूपेंद्रसाठी, नंदुरबारकडच्या एका मुलीचं बोलणं चाललेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते गप्प बसले.

त्याच थंडीत एक दिवस लघवी लाल झाली.

आणि गंमत बघा, त्याला ते अजिबात घाबरले नाहीत. लग्नसराईचा माल चालू होता, लाल आणि मरून, लॉटमागून लॉट. अंगाला लाल, थुंकीला लाल, मग खालून लाल आलं तर त्यात काय? उलट एवढ्या वर्षांत कधी आलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. गुळाचा खडा दुप्पट केला. दोन-चार दिवसांत पाणी साफ झालं. मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा लाल, पुन्हा साफ. ना दुखणं ना आग. लाल लॉट तर अधूनमधून असायचाच, त्यामुळं मेळ बसत गेला, आणि जिथं बसला नाही तिथं आबांनी बसवून घेतला. ज्याला घाबरायचं त्याला ते घाबरले नाहीत, आणि थेंब-थेंब लघवीपायी मात्र जीव टांगून बसले. माणूस भितो तेही बऱ्याचदा चुकीच्या दारात उभा राहून भितो.

जूनमध्ये एके सकाळी लघवी पूर्ण बंद झाली. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं आणि आबा मिलच्या ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन आडवे पडले. बन्सीलालनं पर्वत पाटियाला निरोप धाडला. भूपेंद्र तिथं साड्यांच्या दुकानात कामाला होता. तो रिक्षा घेऊन आला आणि बापाला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथं नळी घातली. पिशवी भरू लागली तशी आबांना जी मोकळीक वाटली तशी त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पोरगा बघतोय याचीही त्यांना लाज वाटली नाही.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं कुशीवर वळवून बोट घालून तपासलं. तेवढा वेळ आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या अंबामातेकडे बघत दात आवळून धरले. मग डॉक्टर हात धुऊन खुर्चीवर बसला. "काका, प्रोस्टेट मोटी थई गई छे. गाठ जेवी."

गाठ म्हटल्यावर आबांच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरला ते कळलं असावं. तो समजावून सांगू लागला, की ही ग्रंथी प्रत्येक पुरुषाला असते, उतारवयात ती फुगते आणि लघवीची वाट दाबते. बहुतेकांना साधीच असते. पण खात्री करायची तर रक्त मुंबईला पाठवू. मग चिठ्ठीवर लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "काका, पेशाबमां लोही आवे छे कोई वार?"

लोही म्हणजे रक्त. एवढी वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाला हे सांगायला नको.  खोटं बोलायचं आबांच्या मनात नव्हतं, हे नीट ध्यानात घ्या. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. रक्त? रक्त कधीच नाही. रंग येतो, पण रंगाचं डॉक्टरला काय सांगायचं? उद्या हा विचारेल, घामाचा रंग कोणता.

"ना साहेब," आबा म्हणाले. "लोही नथी."

डॉक्टरनं मान हलवली आणि लिहून घेतलं.

नळी काही दिवसांनी निघाली, गोळ्या सुरू झाल्या. रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत आबांनी उषाबाईंशी कधी बोलले नव्हते एवढं बोलून घेतलं. गावचं पडकं घर कोणाला द्यायचं, भूपेंद्रच्या लग्नात कोणाचा मान राखायचा, मिलमधून काय काय घ्यायचं राहिलंय. उषाबाई भाकरी थापत ऐकायच्या. एकदा मात्र पीठ झटकून म्हणाल्या, "बस करा आते. मी कानबाईले बोलनू. तुमले काही व्हवाव नही." त्यांनी कानबाईला, श्रावणात घरी बसणाऱ्या खानदेशी देवीला, नवस केला होता, की रिपोर्ट चांगला आला तर यंदा नैवेद्याचे रोट मोठे करीन.

रिपोर्ट चांगला आला. सुरतेतच वाढलेला भूपेंद्र दारातूनच गुजरातीत म्हणाला, "आबा, डॉक्टरे कीधुं, कॅन्सर नथी. साफ छे." तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला गेला, तोही तो आजार नाही हे सांगताना. आबा उठून बाहेर गेले, मालतीबाईंना सांगितलं, पलीकडच्या वाण्याला सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. मुलीचे वडील नंदुरबारहून आले तेव्हा चहाचा पहिला घोट घ्यायच्या आतच त्यांना सांगितलं, की व्याही, मला लघवीचा त्रास होता, तपासलं, तो आजार नाही, रिपोर्ट घरात आहे. त्या गृहस्थांना हा मोकळा स्वभाव फार आवडला. सुपारी फुटली. हर्षदा सून म्हणून ठरली.

श्रावणात कानबाई बसली. वसाहतीतल्या सगळ्या खानदेशी बायका उषाबाईंच्या खोलीत जमल्या होत्या. नारळाला नथ घातली, मुखवटा सजवला, रात्रभर गाणी झाली. रोट एवढे केले की शेजारच्या चाळीतही पुरले. दुसऱ्या दिवशी कानबाई डोक्यावर घेऊन तापीकडे निघालेल्या उषाबाईंच्या पुढं आबा नाचले. लाजरा माणूस, पण नाचले. गोळ्यांनी लघवीची धारही सुधारली होती. घोडं गंगेत न्हालं, असं त्यांना वाटत होतं. मधे-मधे लाल येतच होतं. दसरा-दिवाळीचा लाल माल चालू होता, आणि गूळही चालू होता.

दिवाळीनंतर मिलला एक मोठी ऑर्डर आली. सगळा माल एकाच रंगाचा, गडद निळा. रंगखात्यातले लाल ड्रम कोपऱ्यात सरकवले गेले आणि निळ्याचे उघडले. पहिल्याच दिवशी आबांची नखं, कानाच्या पाळ्या, थुंकी, सगळं निळं. मुतारीत जाताना त्यांच्या मनात सहज आलं, आज निळी होणार. बघू तरी कशी दिसते.

लाल होती.

आबांनी डोकं चालवलं. मागचा लाल अंगात साठलेला असेल, तो आधी उतरेल, मग निळा येईल. वाट बघितली. नाकातून निळं, डोळ्यांच्या कडांना निळं, आंघोळीचं पाणी निळं. लघवी मात्र लाल, आणि आता तिच्यात बारीक गाठी येऊ लागल्या, काळपट, साकळलेल्या. भुकटीच्या पाण्यात कधी असल्या गाठी होत नाहीत, हे तराजूवर आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी मनाला दुसरीकडे वळवलं. तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुटीत ते बन्सीलालजवळ जाऊन बसले.

"बन्सी, तुले कधी लाल व्हयनी का?"

"काय?"

"लघवी. लाल. रंगनी."

बन्सीलालनं घास तसाच हातात ठेवला. "नही भाऊ. कधीच नही."

"तूच तर सांगं व्हतं. जो रंग खाशी तोच मुतशी."

बन्सीलालनं घास डब्यात परत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "आरे सुपडू, ती तं गंमत व्हती. नवीन पोऱ्यास्ले भिवाडाकरता म्हनूत आपन. माले बी कोन्ही तरी तसंच सांगेल व्हतं. तुले खरंच वाटनं का?"

 आबांना पुतण्याच्या वयाच्या त्या सगळ्या पोरांची आठवण झाली ज्यांना त्यांनी तेच सांगितलं होतं. डबा उघडा होता, गुळाचा खडा भाकरीवर होता. त्यांनी तो बाजूला काढून ठेवला आणि भाकरी तशीच बांधली.

या वेळी ते मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले, आणि पहिल्यांदा एकटेच गेले. डॉक्टरनं विचारायच्या आधीच सांगितलं, "साहेब, पेशाबमां लोही आवे छे." हे वाक्य त्यांनी रांगेत उभं राहून पाठ केलं होतं, कारण ऐन वेळी रंग हा शब्द तोंडातून निघेल याची त्यांना धास्ती होती. मग दुर्बीण घालायची तारीख मिळाली, तेव्हा घरी सांगावं लागलं. उषाबाई ऐकून म्हणाल्या, "पन रिपोर्ट चांगला व्हता ना?" भूपेंद्रही तेच म्हणाला, गुजरातीत. आबा दोघांना एवढंच म्हणाले, की हे दुसरं आहे.

दुर्बिणीत सापडलं. तुकडा काढून तपासला. निकाल सांगताना डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही आत बसवलं आणि हिंदीत सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. प्रोस्टेट साधीच होती, पहिल्या डॉक्टरांनी त्या बाबतीत बरोबर सांगितलं होतं. पण लघवीच्या पिशवीत कॅन्सर आहे, आणि तो आता पिशवीच्या भिंतीत खोल शिरला आहे. अख्खी पिशवी काढावी लागेल, त्यासाठी अहमदाबादला जावं लागेल, आणि एवढं करूनही भरवसा देता येणार नाही. आबांनी विचारलं की रंगानं झालं का. बाई म्हणाल्या की होऊ शकतं, बिडीनंही होऊ शकतं, एका माणसाकडे बघून तसं सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "खून कब से आ रहा था?"

"एक साल," आबा म्हणाले.

"एक साल? और किसी को बताया नहीं?" बाईंच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पहले आते तो दुर्बीन से ही निकल जाता, काका."

भूपेंद्र खाली मान घालून उठला आणि कागद घेऊन खिडकीशी गेला. आबा आणि उषाबाई बाहेर बाकावर येऊन बसले. समोरून स्ट्रेचर जात होते, कोणीतरी कोणाला तरी शोधत होतं. उषाबाई हातातल्या कापडी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. आबांना वाटलं, आता विचारतील, मला का नाही सांगितलं. त्याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं. रक्तच वाटलं नाही तर काय सांगणार?

पण उषाबाईंनी ते विचारलंच नाही.

"एक सांगा माले," त्या समोर बघत म्हणाल्या. "मिलना रंगना डाग धुईसन निंघतस का?"

आबांना कळेना की हे आता कुठून निघालं. "नही. कसा निंघतीन?"

"तुमना सदराना डाग कधीच निंघनात नही. बावीस वरीस व्हयनात, धुस, घासस, निंघतस नही." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पन तुमनी चड्डीना लाल डाग निंघी जायेत. थंडा पानीम्हा. बाई मानूस शे मी. थंडा पानीम्हा काय निंघस ते माले नही समजनार तं कोनले समजी? हात वळखी गया व्हता. मी मनले सांगं, रंग शे. बरं शे, निंघी जास, घासनं पडत नही."

असं म्हणून त्यांनी पदर तोंडाशी नेला. रडल्या नाहीत. ओला कपडा पिळतात तशी त्यांची बोटं पदर पिळत राहिली.

आबांच्या काळजात चर्र झालं. स्वतःचं मरण ऐकून झालं नव्हतं तेवढं झालं. ते जाणार, ते आता ठरल्यासारखंच होतं. पण ही मागं राहणार होती. रोज मोरीवर बसणार होती, कपडे धुणार होती, थंड पाण्यात हात घालणार होती. आणि दर खेपेला तिला हेच आठवणार होतं.

"आवं, तुले काय ठाऊक?" आबा म्हणाले. मिलमध्ये नव्या माणसाला काम समजावताना लावायचे तसा सूर त्यांनी लावला. "काही रंग कच्चा ऱ्हातस. साडीना नही, छपाईना. त्या थंडा पानीम्हाच निंघतस. तो रंगच व्हता. रगत मांगून आयं, आते आते. तुनी काही चूक नही."

उषाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. रंगखात्यात छपाईचा रंग कधी येत नाही, छपाईचं खातं वेगळं, हे नवऱ्याचे डबे बांधून बांधून त्यांनाही पाठ झालेलं होतं.  मग त्यांनी आबांचा निळा हात आपल्या मांडीवर घेतला.

"कच्चाच व्हई मंग," त्या म्हणाल्या.